मफी नाव, मफी चहा

आमच्या इतियेचा एक नियम होता. बाळाला नाव नाही, तर बाळंतिणीला चहा नाही. "मफी नाव, मफी चहा!" असं ती वॉर्डाच्या दारात उभी राहून जाहीर करायची. मफी म्हणजे नाही. बहरीनमध्ये उतरलं की माणूस आधी हाच शब्द शिकतो, कारण सुरुवातीला बरंच काही मफी असतं.

बाळंतिणी कळवळायच्या. रत्नागिरीची म्हणायची, सिस्टर, सातव्या दिवशी अकीका आहे, तेव्हा ठेवू. आमची मराठी बाई म्हणायची, बाराव्या दिवशी बारसं. इतिये कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बारा दिवस हे लेकरू कुठल्या पत्त्यावर राहणार? वरच्याला हाक मारायची झाली तर तो काय ओरडणार? ए, ए, ते गुंडाळलेलं?" मग ती बिचारी तिच्या कानात काहीतरी पुटपुटायची आणि चहा यायचा. पाळण्याला 'बेबी ऑफ अमुक' अशी चिठ्ठी लावलेली तिला खपत नसे. त्या चिठ्ठ्या लावणारी मी.

आज हे आठवायचं कारण म्हणजे माझी लेक. माहूजच्या या फ्लॅटमध्ये ती आपल्या नवीन मुलीला मांडीवर घेऊन बसली आहे आणि फोनवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये नाव शोधते आहे. आठवडा झाला. मी चहा बंद केलाय. "मम्मी, धिस इज टॉर्चर," म्हणते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी म्हटलं, टॉर्चर नव्हे, परंपरा.

इतिये हे काही तिचं नाव नव्हे. अम्हारिकमध्ये वयाने मोठ्या बाईला मानाने तसं म्हणतात, आपल्या अक्कासारखं. ती इथिओपियाची. इथल्या एका छोट्या प्रसूतिगृहात ती मुख्य सुईण होती. डॉक्टर बदलायचे, मालक बदलले, इतिये तिथेच. खजुराच्या झाडासारखी उंच, अंगावर पांढऱ्या पातळ सुताची काठाची ओढणी, आणि जवळ आली की एकदम डेटॉलचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास. तिचे वडील गावच्या चर्चमध्ये मुलांना गीझ शिकवायचे. ती त्यांची जुनी पोथीची भाषा. आपल्या पालीसारखी, बोलत कुणी नाही, प्रार्थना सगळे करतात. मुलगी ऐकून ऐकून शिकली, आणि बायबलातलं प्रत्येक नाव फोडून त्यातला गर काढायची तिला सवयच लागली.

आणि मी रिसेप्शनवर. 'मी' म्हणते खरी, पण तेव्हाची ती बया आज समोरून आली तर मी रस्ता बदलीन. ब्लाउजच्या खांद्यात स्पंजचे पॅड, जांभळी लिपस्टिक, आणि फोन उचलून 'हॅलो' अशी म्हणायची की पलीकडच्याला वाटावं, राजवाड्यात लागला. जालन्याकडच्या खेड्यातून आलेली आहे हे कळू नये म्हणून मराठी माणसाशीसुद्धा हिंदीत बोलायची. ठसका लागला तर तोही इंग्रजीत लागावा अशी तिची इच्छा होती.

त्या वर्षी त्या बयेला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही बाळं जगली नव्हती. दोन्ही वेळा नाव आधीच ठरवून ठेवलेलं होतं, छान, अर्थपूर्ण, नवऱ्याने निवडलेलं. त्यामुळे या वेळी आम्ही दोघं नावाचा विषय काढत नव्हतो. आणि सगळा दिवस जायचा कुणाच्या सहवासात, तर जिला नावाशिवाय दुसरा विषय नाही तिच्या!

इतिये म्हणायची, नाव म्हणजे आईने बाळाविषयी बोललेलं पहिलं वाक्य. बाकीचं जग त्यातला एकच शब्द ऐकतं. याचा पुरावा म्हणून ती लियाची गोष्ट सांगायची. लिया म्हणजे थकलेली. तिच्या नवऱ्याचा जीव तिच्या धाकट्या बहिणीवर, राहेलवर. राहेल म्हणजे मेंढी. "पुरुषांना मेंढी आवडते," इतिये जाता जाता शेरा मारायची. तर लियाला पहिला मुलगा झाला, तिने नाव ठेवलं रोबेल: बघा, मुलगा झाला! दुसरा सिमओन: देवाने माझं ऐकलं. तिसरा लेवी: आता तरी नवरा माझ्याशी जोडला जाईल. नाही जोडला. चौथ्या वेळी तिने नवऱ्याचा नाद सोडला आणि मुलाचं नाव ठेवलं यिहुदा. म्हणजे स्तुती. "पोरांना जेवायला हाका मारल्या की तिचा अख्खा संसार ऐकू येतो," इतिये म्हणायची.

मी म्हटलं, आमच्याकडेही असंच. पहिली लक्ष्मी, दुसरी आशा, तिसरी नकुशा. ती हसली नाही. म्हणाली, "तुमच्या बायकांनी पुस्तक लिहायला हवं होतं."

सगळं जग तिला एकाच घराण्यातलं वाटायचं. फक्त कपडे वेगळे घातलेत. वॉर्डातली केरळची अन्नम्मा म्हणजे तिच्याकडची हन्ना, कृपा. अरबांची हव्वा म्हणजे हेवान, जीव. ॲम्ब्युलन्स चालवणारे रत्नागिरीचे याकूबभाई म्हणजे तिचे याकोब. तो शब्द ती घशाच्या तळातून असा काढायची, की याकूबभाईंना वाटायचं, आपल्या हातून काहीतरी चुकलं.

"याकोब म्हणजे टाच धरणारा," तिने त्यांना सांगितलं. "जुळ्या भावाची टाच धरून बाहेर आला तो. तुम्ही कुणाची धरलीत?"

"माझा भाव दुबईत, सिस्टर," याकूबभाई म्हणाले. "त्याची टाच धरायची तर हात केवढा लांब लागंल!"

जिदहफ्सच्या बाजारात तिचा ठरलेला मासेवाला होता, यूनुस नावाचा म्हातारा बहरीनी. त्याचं नाव कळलं त्या दिवशी ती बाजारात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. यूनुस म्हणजे तिचा योनास. त्याला माशाने गिळला होता, हे बायबलातही आहे आणि कुराणातही. "आणि आता हा बघ, मासे कापत बसलाय! किती वर्षांचा सूड!" म्हाताऱ्याने आधी कोयता खाली ठेवला, मग तोही हसायला लागला. तेव्हापासून तिच्या हामूर माशाचं डोकं फुकट. योनासचा अर्थ कबुतर, हेही तिने त्याला सांगितलं, पण ते त्याला तितकंसं आवडलं नाही.

अरादला किल्ल्याजवळ एका खोलीत ती एकटी राहायची. म्हणजे मांजरासोबत. मांजराचं नाव नाबुकेदेनेत्सोर. बाबिलोनचा तो राजा वेडा होऊन बैलासारखा गवत खात फिरला होता, आणि हे मांजर कुंडीतलं गवत खायचं, म्हणून. संध्याकाळी ती गच्चीवरून हाक मारायची, "ना-बु-के-दे-ने-त्सोर!" हाक पूर्ण होईपर्यंत मांजर आलेलं, जेवलेलं आणि निघून गेलेलं असायचं.

एकदा ती आमच्या घरी जेवायला आली. त्या काळीही आम्ही माहूजमध्येच होतो, दोन खोल्यांत. दारातच थांबली. आत येण्याआधी घरातल्या माणसांच्या नावांचे अर्थ ऐकायचे, ही तिची आणखी एक खोड. नवऱ्याने आपल्या नावाचा अर्थ सांगितला. मी माझ्या नावाचा सांगितला आणि भोळेपणाने म्हणाले, "हे सासरचं आहे. लग्नात बदललं."

"कुणी?"

"सासूबाईंनी."

इतियेने दाराची चौकट धरली. त्यांच्याकडे बाई जन्मते ते आपल्या नावाने आणि मरते तेही आपल्याच नावाने. मागे बापाचं नाव. नवऱ्याचं नाव लावणं तिला सामान अदलाबदल झाल्यासारखं वाटायचं, आणि इथे तर अख्खं माणूसच बदललेलं. "हे बघ," ती म्हणाली, "सगळ्या ग्रंथात मोठाली नावं बदलली ती देवाने. अब्रामचा अब्रहाम केला, साराईची सारा. तुझी सासू देव आहे का?"

"तिला तसं वाटतं," मी म्हणाले.

नवरा तेवढ्यात पुढे झाला. तो एका कारखान्यात इलेक्ट्रिकल टेक्निशियन. वायर असो की मुद्दा, उघडा ठेवायचा नाही हा स्वभाव. तो म्हणाला, "इतिये, आमच्या माणसांनी दीक्षा घेतली तेव्हा आपली नावं आपणच बदलली. आधीची नावं आम्हाला इतरांनी दिलेली होती. दगड, कचरा, भीक असल्या अर्थाची. आम्ही देवाला विचारलं नाही. फेकून दिली."

मला वाटलं, आता जेवण राहिलं. पण इतियेने ओढणी नीट केली, पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मग तुम्ही याकोब आहात. तो रात्रभर देवाशी कुस्ती खेळला, मांडी निखळली तरी सोडलं नाही, तेव्हा त्याला नवीन नाव मिळालं. कुस्ती करून घेतलेलं नाव वेगळं." आणि माझ्याकडे वळून, "तू कुस्ती केली होतीस?"

मी वरण वाढायला आत गेले.

कारण माझ्या मनात दुसरंच काहीतरी होतं. थोड्याच दिवसांपूर्वी एक मराठी पेशंट आली होती, तिच्या सासऱ्यांचं नाव धोंडिबा. इतियेने ते वाचून मला विचारलं होतं, "याचा अर्थ?" मी म्हटलं, "अर्थ नाही त्याला काही." ती म्हणाली, "अर्थ नसलेलं नाव म्हणजे दार नसलेलं घर. असं नसतं. आईला विचार." आणि मग दर चार दिवसांनी, लिफ्टमध्ये, जिन्यात, डॉक्टरांच्या देखत: "विचारलंस का धोंडिबाचं?" मी आपली लिपस्टिक सारखी करायची.

सातव्या महिन्यातच एका भर दुपारी माझं बाळंतपण झालं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी, उंदराच्या पिल्लासारखी लाल. काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. हे शब्द मी आधी दोनदा ऐकले होते, आणि दोन्ही वेळा वाट एकाच जागी गेली होती.

इतिये आली. या वेळी चहा घेऊनच आली, पण पुढे केला नाही. "नाव?"

नवरा कामावरून निघाला होता, पोचायचा होता. माझ्याकडे नावं नव्हती असं नाही. पण चांगलं नाव ओठावर आलं की मी ते गिळून टाकायची. आधीच्या दोघांनाही चांगलीच नावं होती. तोंडातून निघालं ते भलतंच.

"धोंडी."

"धोंडी," तिने जपून म्हणून पाहिलं. "धोंडिबाची कोण ही?"

मग मी सांगितलं, इंग्रजी विसरून, हिंदी-मराठी जे तोंडात येईल त्यात. धोंडा म्हणजे दगड. माझ्या आईची माझ्याआधीची मुलं गेली. मी झाले तेव्हा आत्याने उंबऱ्यात उभं राहून अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं, "काही नाही झालं गं बायांनो, धोंडा झाला!" न्यायला जो कोणी आला असेल त्याने ऐकावं आणि हात हलवत परत जावं, म्हणून. मी राहिले, आणि नावही तेच राहिलं, धोंडी. शाळेत पोरी म्हणायच्या, मास्तरांनी हिला शाळेत घेऊन पायावर धोंडा पाडून घेतला. लग्न झालं तशी सासूबाई म्हणाल्या, आमच्या घरात धोंडा नको. मला तर सुटल्यासारखं वाटलं होतं.

चहावर साय आली. मग इतिये म्हणाली, "आणि हे तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस?"

"लाज वाटायची."

"लाज? पेत्रोसची?"

हा शब्द तिच्या तोंडून ऐकायला हवा होता. त्यांच्या भाषेत त्यातला 'प' साधा नाही. श्वास अडवून ओठ असे फोडायचे, की तव्यावर ज्वारीची लाही फुटावी. फट्! पेत्रोस.

"सिमओन नावाचा कोळी होता," ती म्हणाली. "त्याला त्याच्या गुरूने सांगितलं, हे नाव सोड, आजपासून तू दगड. पेत्रोस. आणि या दगडावर मी माझं घर बांधीन. अर्ध्या जगातले राजे ज्याच्या नावापुढे वाकले तो हा तुझा धोंडिबा! आणि तू त्याच्यावर जांभळा रंग फासून बसलीस!" मग तिने चहा दिला. मी त्यात इतकी रडले की चहा खारट झाला, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. अतिशयोक्ती. थोडासाच झाला होता.

नवरा आला तो कारखान्याच्या कपड्यांतच. पेटीवरच्या चिठ्ठीवर 'धोंडी', खाली 'पेत्रोस' वाचलं आणि त्याचा चेहरा काळवंडला. "बापजाद्यांनी फेकलेलं नाव तू परत उचलून आणलंस?"

इतिये बोलली. "फेकलेला दगड कुत्रं अंगावर आलं की माणूस उचलतोच. कुत्रं गेलं की पुन्हा टाका."

"आणि पेत्रोस पुरुषाचं नाव आहे ना? ही मुलगी आहे!"

"उत्तम," इतिये म्हणाली. "तो मुलगी शोधत येईल, सापडणार नाही."

नवरा विज्ञानवादी माणूस. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता, आजही नाही. पण दुसऱ्या दिवशी मी काचेमागे बघितलं, तर पेटीपाशी वाकून हा हळूच म्हणत होता, "काय, धोंडाबाई?"

मग सगळा वॉर्डच त्या नावाला लागला. अन्नम्मा आपल्या मल्याळी पद्धतीने 'पत्रोस' म्हणायची, याकूबभाई अरबीतलं 'बुत्रुस'. इतिये मात्र येता-जाता काचेशी वाकून आपली लाही फोडायची. फट्, पेत्रोस! आणि ते एवढंसं बाळ हात उडवायचं. डॉक्टर म्हणाले, आवाजाला दचकतं. इतिये म्हणाली, "दचकत नाही. ओ देतं."

दूध ड्रॉपरने थेंब थेंब घालायचं. गिळलं तर गिळलं. इतिये ड्यूटीवर आली की कुणाला नमस्कार नाही, काही नाही, पहिला प्रश्न दुधाचा. एक दिवस मला म्हणाली, "हे तुझ्या भाषेत कसं विचारतात ते शिकव. तिच्यासमोर तिच्याविषयी विचारायचं आणि तिला कळू नये, हे शोभत नाही." मी शिकवलं. नावांचे अर्थ कोळून प्यायलेली ही बाई, तीन शब्द घोकत जिने चढायची. मग दाराशी येऊन, 'ध' वर सगळा जोर देऊन: "दूध पिते का?"

"नाही पीत." "थोडं प्यायली." "उलटून काढलं." अशी उत्तरं देता देता एक सकाळ आली, तेव्हा मी म्हणाले, "पिते, इतिये." ती खुर्चीत बसली. ड्यूटीवर बसलेली मी तिला तेवढीच पाहिली.

घरी निघालो त्या दिवशी तिने स्वतःच पेटीवरची चिठ्ठी काढली. नवऱ्याला म्हणाली, "आता तुमचं कुस्तीचं नाव ठेवा. दगडाचं काम झालं. पण फार लांब फेकू नका." मुलगी कागदोपत्री विशाखा झाली. इतियेपुरती पेत्रोसच राहिली. शाळेत असताना लेकीला त्याचा भारी राग. कुणाच्या देखत इतियेचा फोन आला आणि "पेत्रोस आहे का?" असं विचारलं, की ही बाथरूममध्ये जाऊन बसायची. नावाच्या लाजेतलं मला सगळं कळतं.

निवृत्त होऊन इतिये आपल्या देशी गेली. नाबुकेदेनेत्सोरला तिने यूनुसकडे ठेवलं. त्या सगळ्या व्यवहारात खरा फायदा झाला तो त्या मांजराचा.

एवढं सगळं आठवल्यावर आज मी इतियेच्या घरी, अदिसला फोन लावला, व्हिडिओवाला. भाचीने उचलला. म्हणाली, "मावशीला आता कुणी आठवत नाही. स्वतःचं नावही कधी आठवतं, कधी नाही." तरी मी म्हटलं, दाखव. ती खुर्चीत बसली होती, तीच पांढरी ओढणी, आत माणूस मात्र अर्धंच उरलेलं. मी बोलत सुटले. बहरीन, वॉर्ड, याकूबभाई, अन्नम्मा. नाही. माझं सासरचं नाव सांगितलं, माहेरचंही सांगितलं, मोठ्याने, खिडकी उघडी असताना. ती सभ्यपणे हसत होती, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडे बघून हसतात तशी. जिने जगातल्या प्रत्येक नावाला दार आहे म्हणून सांगितलं, तिच्यापाशी आता ठोठावायला दार उरलं नव्हतं. मी फोन ठेवायला निघाले.

पलंगावरून लेक म्हणाली, "गिव्ह मी."

बाळ अंगावर पीत होतं. तिने एका हाताने फोन धरला, कॅमेऱ्यात बघितलं, श्वास अडवला आणि ओठ फोडले. फट्!

"पेत्रोस."

हे तिला येतं हे मला माहीत नव्हतं. बाथरूममध्ये बसून शिकली की काय, देव जाणे. मांडीवरच्या पोरीने हात उडवला. आणि तिकडे, अदिसच्या त्या खुर्चीत, इतिये पुढे वाकली. काचेशी वाकायची तशी. कपाळाला आठ्या घालून, मुख्य सुईणीच्या आवाजात तिने काहीतरी विचारलं. भाची गोंधळली. म्हणाली, "हे अम्हारिक नाही. काय बोलते कळत नाही."

आम्हाला कळलं होतं.

"दूध पिते का?"

लेकीने खाली मांडीवर बघितलं, मग फोनकडे. माझी लेक, जी मला 'मीठ दे' हेसुद्धा इंग्रजीत म्हणते.

"पिते, इतिये," ती म्हणाली.

नाव अजून ठरलेलं नव्हतं. तरी मी उठले आणि चहा टाकला.